बैठक बदलावी केव्हा? ध्यानाविषयी वाचकांचे प्रश्न

ध्यानाविषयी आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न या वेळी उत्तरांसाठी घेतले आहेत. ते वरवर वेगवेगळे दिसत असले, तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच अडचण आहे : सराव सुरू कसा करावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण चालू असलेल्या सरावात बदल केव्हा करावा आणि केव्हा करू नये, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतरांच्या मानाने लांबले आहे.

प्रश्न : गेल्या तीन वर्षांत मी चार-पाच वेळा ध्यानाला सुरुवात केली. पहिले काही दिवस उत्साहाने अर्धा-अर्धा तास बसतो. दहाव्या-बाराव्या दिवशी कधीतरी खंड पडतो आणि मग सगळेच सुटते. किती वेळ बसावे, केव्हा बसावे आणि बसून नेमके काय करावे?

उत्तर : उत्साहाच्या दिवशी जे सहज जमते ते घाईच्या, कंटाळ्याच्या आणि अंग मोडून आलेल्या दिवशीही जमेल असे आपण प्रत्येक वेळी गृहीत धरता, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी नेमका तसाच एखादा दिवस उगवतो. अर्धा तास ही सुरुवातीसाठी चढी वेळ आहे. सर्वांत वाईट दिवशीही बसता येईल एवढीच वेळ ठरवावी. बहुतेकांच्या बाबतीत ती दहा मिनिटांच्या आसपास असते. दोन महिने तेवढेच बसावे, आणि एखाद्या दिवशी फार बरे वाटले म्हणून त्या भरात वेळ वाढवू नये, कारण आज वाढवलेली वेळ उद्या ओझे होऊन समोर उभी राहते.

बसण्याची वेळ घड्याळापेक्षा एखाद्या कृतीला बांधावी. सकाळी दात घासून झाले की बसायचे, असे ठरवले तर आठवण करून देण्याचे काम ती कृतीच करते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी कशा जडतात याचा अभ्यास केला होता. तो २०१० मध्ये छापून आला. त्या सवयी खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या, ध्यानाच्या नव्हत्या, तरी आपल्या प्रश्नाला तो अभ्यास बराच लागू पडतो. कृती आपोआप घडू लागण्यास लागलेल्या काळाचा मध्यक ६६ दिवस निघाला, मात्र माणसामाणसांतले अंतर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होते. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा अडथळा आला नाही. आपला सराव चुकलेल्या दिवसाने मोडला नाही, चुकल्यानंतरच्या दिवशी आपण जो निकाल लावला त्याने मोडला. चुकलेला दिवस भरून काढण्यासाठी दुप्पट बसू नये. दुसऱ्या दिवशी नेहमीइतकेच बसावे.

पतंजलींच्या योगसूत्रांत अभ्यास दृढ होण्यासाठी तीन अटी सांगितल्या आहेत (१.१४) : दीर्घकाळ, नैरंतर्य आणि सत्कार. पहिल्या दोन सगळ्यांना पाठ असतात, तिसरीकडे मात्र दुर्लक्ष होते. सत्कार म्हणजे आदर, आणि त्याचा व्यवहारातला अर्थ अगदी साधा आहे : बसण्याची जागा ठरलेली असावी, मोबाइल दुसऱ्या खोलीत असावा, वेळ संपल्याचे सांगणारा गजर लावून ठेवावा म्हणजे डोळे किलकिले करून घड्याळ पाहावे लागत नाही, आणि गजर झाल्यावर ताडकन न उठता दोन-चार श्वास तसेच बसून राहावे. मांडी घालून बसणे जमत नसेल तर खुर्ची चालेल. त्याच ग्रंथातील आसनाची व्याख्या ‘स्थिरसुखमासनम्’ (२.४६) एवढीच आहे, तिच्यात पायांच्या घडीचा उल्लेखही नाही. खाली बसत असाल तर ढुंगणाखाली घडी केलेली चादर घेऊन ते गुडघ्यांपेक्षा थोडे उंच ठेवावे. कंबर आपोआप सरळ राहते.

आता काय करावे याविषयी. प्रत्येक बाहेर पडणाऱ्या श्वासाला एक अंक द्यावा, दहापर्यंत मोजावे आणि पुन्हा एकपासून सुरू करावे. पाचव्या शतकातील बौद्ध आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात या मोजणीचा नियमच दिला आहे : पाचाच्या आत थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये. पाचाच्या आत थांबल्यास अरुंद गोठ्यात कोंडलेल्या गुरांसारखी मनाची चुळबुळ होते, आणि दहाच्या पुढे गेल्यास मन श्वास सोडून अंकांनाच धरून बसते. पंधराशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजही कोणालाही एका बैठकीत पडताळून पाहता येते.

प्रश्न : मिनिटभरातच मन भलतीकडे जाते. वीस मिनिटांत मी पन्नास वेळा भरकटते. माझ्यात काही उणीव आहे का?

उत्तर : नाही. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२५० प्रौढांना दिवसातल्या अवचित क्षणी ‘आता मन कुठे आहे’ असे विचारले गेले, तेव्हा सुमारे ४७ टक्के वेळा ते हातातल्या कामावर नव्हते. आपण पन्नास वेळा भरकटता हे आपल्याला कळते, याचाच अर्थ पन्नास वेळा लक्षात येते, आणि ध्यानात जे घडवायचे असते ते हेच. मन जिथे जिथे धावेल तिथून तिथून त्याला आवरून परत आणावे, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात (६.२६) सांगितले आहे. तिथे ‘किती वेळा’ याला मर्यादा घातलेली नाही. फक्त हा आकडा मोजणे आजपासून सोडावे. तो मोजण्यासाठीही मन श्वासावरून उठतेच.

प्रश्न : दीड वर्ष मी रोज वीस मिनिटे श्वासावर ध्यान करत होतो. अलीकडे ते अगदी कोरडे वाटू लागले. मग जप, मैत्रीभावना (मनात इतरांविषयी सद्भाव जागवणे), शरीरावरून क्रमाने लक्ष फिरवणे, दिव्याच्या ज्योतीवर त्राटक असे एकेक करून पाहिले. आठवड्यात दोन-तीन पद्धती होतात. एक ज्येष्ठ स्नेही म्हणतात, दहा ठिकाणी हातभर खणणाऱ्याला पाणी लागत नाही. पण एकाच पद्धतीला चिकटून राहणे म्हणजे यंत्रासारखे बसणे, असे मला वाटते. कोणाचे खरे?

उत्तर : आपल्या स्नेह्यांच्या बाजूने योगसूत्रांत एक स्पष्ट वचन आहे. चित्ताचे विक्षेप दूर करण्यासाठी एकाच तत्त्वाचा अभ्यास करावा, असे १.३२ हे सूत्र सांगते. मात्र आपल्या बाजूनेही तिथेच पुरावा आहे, आणि तो वाचताना मला नेहमी गंमत वाटते. त्यानंतर एक सूत्र सोडून ओळीने सहा सूत्रे (१.३४ ते १.३९) अशी येतात की प्रत्येकात ‘वा’ हा शब्द आहे : श्वास सोडून आणि रोखून, किंवा सूक्ष्म विषयाच्या अनुभवाने, किंवा शोकरहित प्रकाशाच्या, किंवा आसक्ती संपलेल्या चित्ताच्या, किंवा स्वप्न आणि निद्रा यांतील ज्ञानाच्या आधाराने, आणि शेवटी ‘यथाभिमतध्यानाद्वा’, म्हणजे ज्याला जे रुचेल त्याच्या ध्यानाने. निवडीचे स्वातंत्र्य याहून मोकळेपणाने कोणी दिले असेल असे वाटत नाही. परंतु सूत्रकारांनी सहाही ठिकाणी ‘वा’ (किंवा) म्हटले आहे, ‘च’ (संस्कृतात ‘आणि’) म्हटलेले नाही. पद्धती अनेक आहेत, त्यांतून निवडा, असे ते सांगतात. सगळ्या आलटून पालटून करा, असे सांगत नाहीत. आपल्या आठवड्यात मात्र हा ‘च’ शिरला आहे.

तेव्हा पहिला नियम असा की, बदल करण्याचा निर्णय बैठकीत बसलेले असताना कधीही घेऊ नये. बसल्यावर सातव्या-आठव्या मिनिटाला ‘आज जप करून पाहू’ असे मनात येते, तेव्हा तो विचार सल्लागाराच्या वेशात आला असला तरी खाज किंवा कंटाळा यांच्याच जातीचा असतो, आणि त्याचे ऐकले की ‘अस्वस्थता आली की जागा सोडायची’ एवढेच मन शिकते. पद्धत कोणतीही असो, शिकवण तीच राहते, त्यामुळे जपही तीन आठवड्यांत कोरडा वाटू लागतो. बैठक ठरल्याप्रमाणे पूर्ण करावी, उठल्यावर वहीत एक ओळ लिहावी (जडपणा, चलबिचल, कोरडेपणा, ताण, जे असेल ते) आणि बदलाचा विचार आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ती वही समोर ठेवून करावा. तीन आठवडे एकच तक्रार दिसली तर बदलाला कारण आहे. दर दिवशी नवी तक्रार असेल तर बदल करून काही साधणार नाही.

दुसरे असे की, आलंबन, म्हणजे ज्यावर लक्ष ठेवायचे ते, न बदलताही पुष्कळ बदल करता येतो, आणि आपल्यासारख्या दीड वर्ष बसलेल्या माणसाने आधी तो करून पाहावा. कोरडेपणा बहुधा श्वासात नसतो, पाहण्यात असतो. सुरुवातीला श्वास नवा असतो म्हणून आपण तो खरोखर पाहतो; पुढे ‘आत, बाहेर’ एवढी नोंद करून मोकळे होतो. मज्झिम निकाय या बौद्ध ग्रंथातील आनापानसती सुत्तात, म्हणजे श्वासाच्या ध्यानाविषयीच्या उपदेशात, याच एका श्वासाच्या आधाराने सोळा टप्पे सांगितले आहेत. दीर्घ श्वास दीर्घ आहे हे जाणणे, आखूड श्वास आखूड आहे हे जाणणे, साऱ्या देहाचा अनुभव घेत श्वास घेणे, देहाच्या हालचाली शांत करत श्वास घेणे, हे पहिले चार. मग सुखदुःखाच्या संवेदनांचे चार, चित्ताच्या अवस्थांचे चार, आणि शेवटी अनित्यतेपासून सुरू होणारे चार. दीड वर्षात आपण यांपैकी किती पाहिले? उच्छ्वास संपल्यावर आणि पुढचा श्वास सुरू होण्यापूर्वी जो छोटा विराम असतो, तो आज किती लांब होता, आणि त्या विरामात पोटाला काय जाणवले, एवढा एक प्रश्न घेऊन महिनाभर बसून पाहावे.

तरीही कोरडेपणा टिकला तर बाहेरचा बदल जरूर करावा. बुद्धघोषांनी ध्यानाचे चाळीस विषय दिले आणि माणसांचे सहा स्वभावही दिले : राग (इथे अर्थ आसक्ती), द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी आणि वितर्क यांपैकी ज्याचे प्राबल्य असेल तो. ज्याच्या मनात विचारांचे मोहोळ सतत उठते त्याला श्वास सांगितला आहे, तर ज्याला चटकन राग येतो, माणसे खुपतात, त्याला मैत्री-करुणादी चार भावना. म्हणजे औषध रोगी पाहून दिले आहे, आणि आपणही आपली वही पाहून तसेच करावे. जडपणा असेल तर डोळे अर्धवट उघडे ठेवणे, उभे राहून किंवा चालत ध्यान करणे. चलबिचल असेल तर बाहेर जाणारा श्वास थोडा लांबवणे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, त्यामुळे याचा परिणाम बहुधा लवकर जाणवतो. मनात स्वतःविषयी किंवा इतरांविषयी कडवटपणा साठला असेल तर मैत्रीभावना, पण तीही आधी ज्याच्याविषयी सहज आपुलकी वाटते अशा व्यक्तीपासून. अवघड माणसाला पहिल्याच आठवड्यात समोर बसवू नये. आणि फार ताणून, दात-ओठ खाऊन बसण्याची सवय लागली असेल, तर काही दिवस कोणतेही आलंबन न घेता, आवाज येतील, जातील, विचार येतील, जातील, अशा मोकळ्या जाणिवेत बसणे.

त्राटकाचे मात्र मला आपल्या यादीत विशेष प्रयोजन दिसत नाही. ते वाईट आहे म्हणून नव्हे, तर आपल्या पत्रात त्याचे ‘नवीन वाटले’ याखेरीज दुसरे कारण नाही म्हणून.

बदल करताना वीस मिनिटांतली पहिली बारा मिनिटे श्वासालाच द्यावीत आणि उरलेली आठ नव्या पद्धतीला. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पद्धत बदलली त्याच आठवड्यात वेळ आणि जागाही बदलली, तर जे घडले ते कशामुळे घडले हे कळत नाही. नवी पद्धत किमान चार आठवडे ठेवावी. आखलेला बदल कसा असतो याचा एक चांगला नमुना म्हणजे जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेला आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम. त्यात आडवे पडून शरीरावरून लक्ष फिरवणे, बैठे ध्यान आणि सावकाश योगासने हे सारे आहे, पण कोणत्या आठवड्यात काय करायचे हे आधीच ठरलेले असते. त्या दिवशी मनाला काय वाटते हे विचारले जात नाही. विविधता आणि शिस्त यांचे भांडण नाही हे त्यावरून दिसते.

आपल्या स्नेह्यांना एवढे सांगावे की त्यांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु एकाच विहिरीत उतरणाऱ्यालाही कधी पहार लागते आणि कधी फावडे.

प्रश्न : संध्याकाळी ध्यानाला बसले की पाच मिनिटांत पेंग येते आणि मान खाली पडते. चहा-कॉफी घेऊन बसावे का?

उत्तर : आधी आपण रात्री किती झोपता ते पाहावे. झोपेचे कर्ज असेल तर शरीर पहिल्याच निवांत क्षणी वसुली करते, आणि त्यावर ध्यानातला कोणताही उपाय चालत नाही. झोप पुरेशी असूनही पेंग येत असेल, तर हा प्रश्न फार जुना आहे. अंगुत्तर निकाय या बौद्ध ग्रंथात शिष्य मोग्गल्लान ध्यानात पेंगत असता बुद्धांनी त्यांना एकामागून एक उपाय सांगितल्याची कथा आहे : ज्या विचाराने पेंग आली तो सोडावा, ऐकलेला, शिकलेला धम्म आठवावा, त्यावर मनन करावे, मग त्याचे पठण करावे, मग कानांच्या पाळ्या ओढाव्यात आणि हातपाय चोळावेत, मग उठून डोळ्यांना पाणी लावावे आणि आकाशाकडे, ताऱ्यांकडे पाहावे, मग मनात प्रकाशाची कल्पना करावी, मग येरझाऱ्या घालाव्यात, आणि एवढे करूनही पेंग जात नसेल तर उजव्या कुशीवर झोपावे, पण उठण्याचा निश्चय करून. शेवटचा उपाय मला सर्वांत आवडतो, कारण त्यात झोपेला शत्रू मानलेले नाही.

संध्याकाळची चहा-कॉफी रात्रीची झोप पुढे ढकलेल आणि दुसऱ्या दिवशी पेंग आणखी वाढेल, म्हणून ती टाळावी. बैठक सकाळी नेता आली तर उत्तम. नाहीच तर पहिली पाच मिनिटे चालत ध्यान करून मग बसावे. पंधरा-वीस पावलांची सरळ वाट घ्यावी, नेहमीपेक्षा किंचित सावकाश चालावे, तळवा उचलला, पुढे गेला, टेकला एवढेच जाणावे, आणि टोकाला पोहोचल्यावर क्षणभर उभे राहून मगच वळावे. मन बहुधा त्या वळणावर निसटते. गुडघेदुखीमुळे बसता न येणाऱ्या दोन वाचकांनीही पर्याय विचारला आहे, त्यांनाही हेच उत्तर लागू आहे. चालणे, उभे राहणे, बसणे आणि आडवे होणे या चारही स्थितींत जागृती ठेवण्यास सतिपट्ठान सुत्त या बुद्धांच्या उपदेशात सांगितलेले आहे, तेव्हा चालत केलेल्या ध्यानाला दुय्यम समजू नये.

प्रश्न : मौन शिबिराहून आल्यापासून मी रोज दोन तास बसते. काही दिवसांपासून बैठकीत एक जुना, त्रासदायक प्रसंग पुन्हा पुन्हा समोर येतो, छातीत धडधडते, आणि उठल्यावरही कधी कधी मी स्वतःकडे दुरून पाहते आहे, आजूबाजूचे खरे नाही, असे तासन्‌तास वाटत राहते. हे मन शुद्ध होण्याचे लक्षण आहे, धीराने बसत राहावे, असे काहींनी सांगितले. आपले मत काय?

उत्तर : धीराने बसत राहू नये. बैठकीत जुन्या आठवणी येणे, रडू येणे हे अनेकांना होते आणि ते तेवढ्यापुरते राहिले तर चिंतेचे नसते; परंतु धडधड, परकेपणाची जाणीव आणि सभोवतालचे खोटे वाटणे ही लक्षणे बैठकीच्या बाहेर तासन्‌तास टिकत असतील, तर ती ध्यानाच्या दीर्घ सरावातून उद्भवू शकणाऱ्या त्रासांपैकी आहेत, आणि त्यांना शुद्धीचे नाव दिल्याने ती कमी होत नाहीत. ज्यांनी आयुष्यात मोठा आघात सोसला आहे, ज्यांना पूर्वी तीव्र नैराश्य किंवा भ्रमाचा आजार होऊन गेला आहे, त्यांनी तर लांब बैठका आणि मौन शिबिरे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नयेत.

दोन तासांच्या बैठका आजपासून बंद कराव्यात आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी. त्यांना ध्यानाविषयीही सविस्तर सांगावे, किती वेळ, कोणती पद्धत, त्रास केव्हापासून, हे सगळे. काही औषध चालू असेल तर ते स्वतःच्या किंवा अन्य कोणा साधकाच्या सांगण्यावरून बंद करू नये. तज्ज्ञांनी हरकत घेतली नाही तर दिवसातून पाच मिनिटे, डोळे उघडे ठेवून, तळवे जमिनीला कुठे टेकले आहेत आणि खोलीत कोणकोणते आवाज येत आहेत एवढ्यावरच लक्ष ठेवावे. श्वासावर आणि शरीराच्या आतील संवेदनांवर तूर्त ध्यान करू नये, कारण छातीतली धडधड तिथेच आहे आणि लक्ष दिल्याने ती आणखी मोठी वाटते. तो प्रसंग पुन्हा समोर आला तर बैठक तिथेच थांबवून उठावे, चालावे, कोणाशी तरी बोलावे. वर तिसऱ्या उत्तरात बैठक ठरल्याप्रमाणे पूर्ण करण्याचा जो नियम सांगितला, तो कंटाळ्यासाठी आहे आणि आपल्याला लागू नाही. ज्या शिबिरात आपण ही पद्धत शिकलात तेथील शिक्षकांनाही हे सारे कळवावे, आणि पुढे कधी कोणत्याही शिबिरासाठी अर्ज केला तर त्यात हा अनुभव न लपवता लिहावा.